कच्च्या रेघेची पक्की ठेव

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीला दहा दरवाजे होते. खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर आणि झिरना ही त्यांची नावे. यांतील अनेक दरवाजांना नाव मिळाले ते त्यांतून निघणारी वाट ज्या गावाला पोहोचते त्या गावाचे. दतिया दरवाजातून निघालेली वाट उत्तरेकडे सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या दतिया या जुन्या बुंदेला संस्थानाच्या गावी जाते. झाशीचे मराठी सुभेदार शिवरावभाऊ नेवाळकर यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९६ ते १८१४ या काळात, ही तटबंदी उभी राहिली असे सांगतात. आज 'दतिया गेट' हे एका वस्तीचे नाव झाले आहे. तेथील रहिवासी पत्ता सांगताना 'दतिया गेट बाहर' किंवा 'दतिया गेट अंदर' असे सांगतात. तटाचे प्रयोजन संपले, तरी वेशीच्या आतले आणि बाहेरचे हा भेद बोलीने जपून ठेवला आहे.

वेशीचा दरवाजा ही कोणत्याही गावातील मोठी बोलकी जागा. पहाटे माळव्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन शिरणाऱ्या बायका, दुपारी कमानीच्या सावलीत टेकलेला वाटसरू, तिन्हीसांजेला धूळ उडवीत परतणारी गुरे यांचे येणेजाणे येथे अखंड चालते. इतिहास मात्र दरवाजांची आठवण ठेवतो ती वेढ्यांसाठी आणि तोफांसाठी. १८५८ च्या मार्च महिन्यात सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीला वेढा घातला आणि एप्रिलच्या प्रारंभी शहर पडले, ही हकीकत प्रत्येक पुस्तकात सापडते. पण त्या दरवाजांतून रोज ये-जा करणारी साधी माणसे कशी दिसत, कशी बसत, डोक्यावरचा भार कसा तोलीत, मूल कोणत्या कडेवर घेत, याची नोंद दप्तरात कोण ठेवणार?

ही नोंद चित्रकारांनी ठेवली. तीही पुष्कळदा सोनेरी चौकटीतल्या तैलचित्रात नव्हे, तर त्या चित्राच्या तयारीसाठी केलेल्या शिसपेन्सिलीच्या कच्च्या रेखाटनात. चित्र पुरे झाल्यावर ज्याचे काम संपले असे मानले जाते, त्या कागदाची ही कथा आहे.

साध्या माणसांचे चित्र

देवदेवता, राजेरजवाडे आणि लढाया सोडून चित्रकार जेव्हा स्वयंपाकघर, बाजार, पाणवठा, शाळा किंवा सणाची तयारी रंगवितो, तेव्हा त्या चित्राला जनजीवनचित्र म्हणता येईल. त्यातील माणसांना नावे नसतात. ती कोणाचीही आई, कोणाचाही शेजारी असू शकतात. सतराव्या शतकात हॉलंडमधील सधन व्यापारी अशी चित्रे आवडीने घरात लावीत. एकोणिसाव्या शतकात हा प्रकार युरोपभर बहरला. फ्रान्समधील ज्याँ फ्रान्स्वा मिले याने १८५७ साली प्रदर्शनात मांडलेले, कापणीनंतर शेतात गळलेली कणसे वेचणाऱ्या तीन बायकांचे चित्र आज जगभर ओळखले जाते. त्या तीन वाकलेल्या पाठींचा तोल मिलेला एका बैठकीत साधलेला नाही. वेगवेगळ्या कागदांवर त्याने त्या आधी अनेकदा रेखाटून पाहिल्या.

आपल्याकडेही याच शतकाच्या उत्तरार्धात हे वारे आले. राजा रविवर्मा यांची पौराणिक चित्रे घराघरांत पोहोचली; परंतु त्यांच्या १८९३ मधील एका गाजलेल्या चित्रात देव नाहीत. मुलाला कडेवर घेऊन एक तरुण आई उभी आहे आणि चित्राबाहेरून येणाऱ्या वडिलांकडे त्याचे लक्ष वेधीत आहे. त्या आईसाठी रविवर्मांसमोर उभी होती त्यांची स्वतःची कन्या. त्याच वर्षी शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या दहा चित्रांमध्ये याचाही समावेश होता.

खाका : दतियाच्या वाटेवरचा शब्द

कच्चे रेखाटन ही गोष्ट साहेबाबरोबर आली, असा एक समज आहे. तो खरा नाही. दतिया दरवाजातून निघालेली वाट ज्या गावी जाते, ते दतिया अठराव्या शतकात चित्रकलेचे एक नामवंत केंद्र होते. रागमालेची, केशवदासांच्या 'रसिकप्रिये'ची, बिहारींच्या 'सतसई'ची चित्रे तेथील राजाश्रयाने तयार झाली. लघुचित्रे करणाऱ्या अशा कारखान्यांत रंगाचा हात लागण्यापूर्वी आकृतीचा खाका तयार होत असे. हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर मूळ रेघा उतरवून घेत. त्याला 'चरबा' म्हणत. मग रेघांवर सुईने बारीक भोके पाडायची, तो चरबा नव्या कागदावर ठेवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावरून आपटायची. भोकांतून काळे ठिपके खाली उतरत आणि ते जोडले की आकृती तयार.

ठिपक्यांच्या रांगोळीसाठी भोके पाडलेला कागद ज्या घरात अजून आहे, तेथे ही युक्ती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. 'खाका' या शब्दाचे मूळही फारसी 'खाक' म्हणजे धूळ, राख या शब्दात आहे. आज आपण अर्थसंकल्पाचा, योजनेचा किंवा इमारतीचा खाका म्हणतो, तेव्हा नकळत त्या कोळशाच्या पुडीचेच स्मरण करीत असतो.

जुन्या खाक्यात आणि एकोणिसाव्या शतकातील पेन्सिल-रेखाटनात एक महत्त्वाचा फरक मात्र आहे. खाका पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आकृतीची प्रत उतरवून देत असे. नव्या रेखाटनात चित्रकार घराबाहेर पडून समोरच्या जिवंत माणसाकडे पाहू लागला. त्या पाहण्यासाठी लागणारे साधनही नवे होते. १७९५ साली निकोला-झाक काँते या फ्रेंच तंत्रज्ञाने ग्रॅफाइटची भुकटी आणि चिकणमाती एकत्र भाजून पेन्सिलीची कांडी करण्याच्या पद्धतीचा एकाधिकार मिळविला. मातीचे प्रमाण वाढविले की पेन्सिल कठीण आणि फिकी, कमी केले की मऊ आणि काळी. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने एचबी, टूबी, फोरबी अशा ज्या पेन्सिली कंपासपेटीत ठेवल्या, त्यांची किल्ली ही एवढीच. आपण तिला शिसपेन्सिल म्हणत आलो, पण तिच्यात शिसे नसते.

पुण्यातील एक अपुरे काम

याच १७९५ सालाशी पुण्याची एक आठवण निगडित आहे. पेशवे दरबारातील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात काम करीत होता. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची चित्रे त्याने केली. त्याच्या हाताखाली गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट हा पुण्याचा कलावंत तयार झाला. वेरूळची लेणी, पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंडा, कसरत करणारे पुरुष अशी गंगारामची रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुण्यातील एक मराठी माणूस आपल्या आसपासचे जग प्रत्यक्ष पाहून कागदावर उतरवीत होता, याचा तो लक्षणीय पुरावा आहे.

१७९० मध्ये झालेल्या तहाचे भव्य दरबारी चित्र करण्याची योजना होती. त्यासाठी वेल्सने माणसांची, पोशाखांची आणि दरबाराची रेखाटने केली. परंतु १७९५ च्या अखेरीस त्याचा मृत्यू झाला. ते कागद विलायतेला पोहोचले आणि त्यांच्या आधाराने टॉमस डॅनियल या दुसऱ्याच चित्रकाराने १८०५ साली तैलचित्र पूर्ण केले. प्रसंग १७९० चा, रेखाटने नंतरच्या चार-पाच वर्षांतली, चित्र १८०५ चे आणि रंगविणारा हात भलत्याचाच. तरीही त्या चित्रात पेशव्यांचा दरबार ओळखू येतो. मधला दुवा होता तो केवळ कागदावरच्या रेघांचा. ते कागद हरवले असते, तर चित्रही झाले नसते.

रेघेपासून रंगापर्यंत

कच्चे रेखाटन नेमके काय करते, हे समजून घेण्यासाठी पुन्हा दतिया दरवाजाशी येऊ. समजा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात एक चित्रकार कमानीसमोरच्या ओट्यावर वही घेऊन बसला आहे. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई दरवाजातून आत येत आहे. ती थांबणार नाही. चित्रकाराच्या हाती फार तर अर्धा मिनिट आहे. तेवढ्यात त्याला तिच्या मानेचा ताठा, पाटीला लावलेला एक हात, मोकळ्या हाताचा झोका आणि पुढे पडलेले पाऊल टिपायचे आहे. तो चेहरा काढीत नाही. पाच-सात रेघांत तोल तेवढा पकडतो. हे पहिले रेखाटन.

दुसरी पायरी अभ्यासाची. कुणाला तरी, बहुधा घरातल्याच माणसाला, तशाच पवित्र्यात उभे करून तो हाताची बोटे, लुगड्याच्या निऱ्या, पाटीखालची चुंबळ यांचा स्वतंत्र अभ्यास करतो. एका कागदावर एकच हात चार वेळा काढलेला दिसतो तो यामुळे. तिसऱ्या पायरीवर मांडणी येते. कमान किती उंच दाखवायची, बाई मधोमध की एका बाजूला, सावली कोठवर, मागे गुरे हवीत की नकोत, हे लहानशा चौकटीत ठरविले जाते. येथे रेघांवर रेघा येतात. आधी उजवीकडे काढलेला माणूस खोडून डावीकडे जातो. पण पेन्सिलीची जुनी रेघ पूर्ण पुसली जात नाही. तिची सावली मागे राहते आणि चित्रकाराने विचार कोठे बदलला ते शंभर वर्षांनीही सांगते.

शेवटी त्या लहान रेखाटनावर पट्टीने उभ्या-आडव्या चौकटी आखतात. तेवढ्याच चौकटी मोठ्या कॅनव्हासवरही आखायच्या आणि घरामागून घर उतरवीत जायचे. पूर्वी गावोगावी चित्रपटांचे भव्य फलक रंगविणारे कलावंत हीच पद्धत वापरीत. जुन्या रेखाटनावर अशी जाळी दिसली, तर तो कागद मोठ्या चित्राच्या तयारीसाठी वापरला गेला असावा, असे जाणकार ओळखतात. समासात बारीक अक्षरांत लिहिलेल्या रंगांच्या टिपा ही दुसरी खूण. पेन्सिलीला रंग नसल्याने लुगडे हिरवे होते की जांभळे, हे शब्दांतच लिहून ठेवावे लागे.

मग रंग येतो आणि चित्र पूर्ण होते. पण काही गोष्टी या प्रवासात गळतात. दरवाजातून आलेल्या त्या बाईचा पदर एका खांद्यावरून घसरलेला असतो, तो चित्रात नीट बसविला जातो. तिच्या कपाळावरची आठी ग्राहकाला रुचणार नाही म्हणून पुसली जाते. पाय धुळीने माखलेले असतात, ते स्वच्छ होतात. पक्क्या चित्रात चित्रकाराने काय दाखवायचे ठरविले ते दिसते. कच्च्या रेखाटनात त्याने प्रत्यक्ष काय पाहिले ते दिसते. साध्या माणसांच्या इतिहासासाठी ही दुसरी साक्ष अधिक मोलाची असते.

मुंबईची शाळा आणि धुरंधर

ज्या वर्षी उत्तरेत बंडाचा वणवा पेटला, त्याच १८५७ च्या मार्च महिन्यात मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. आज ती जे. जे. स्कूल ऑफ आर्ट म्हणून ओळखली जाते. १८६५ साली तेथे दोन इंग्रज शिक्षक आले. त्यांपैकी जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८७० मध्ये सरकारच्या सांगण्यावरून उत्तर भारतातील कारागिरांची रेखाटने केली. लाकडावर कोरीव काम करणारे, कापूस पिंजणारे आपापल्या कामात गुंतलेले असताना त्यांनी टिपले. दुसरे जॉन ग्रिफिथ्स. १८७२ पासून १८८५ पर्यंत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्या कामात हात घोटलेल्या पेस्तनजी बोमनजी यांनी पुढे पारशी घरांतील जीवनाची शांत, आत्मीय चित्रे रंगविली.

याच शाळेत १८९० च्या जानेवारीत कोल्हापूरचा एक तरुण दाखल झाला. त्याचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. त्याचा जन्म १८६७ चा. ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली त्याची बोटे तयार झाली आणि १८९५ साली 'आलीस का लक्ष्मी?' या चित्रासाठी बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्याला मिळाले. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला भारतीय चित्रकार. शीर्षकातला प्रश्न वाचताच मराठी मनाला उंबरठ्यावरची हळदीकुंकवाची पावले आठवावीत, असा तो घरगुती विषय. त्यात ना राजा, ना रणांगण. मराठी घराच्या दारात उच्चारला जाणारा एक प्रश्न सुवर्णपदकापर्यंत पोहोचला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुढच्याच वर्षी धुरंधर त्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त होण्यापूर्वी संचालकपदाची धुराही त्यांनी सांभाळली. ४१ वर्षांच्या या सहवासाची हकीकत त्यांनी 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' या पुस्तकात सांगितली आहे. परंतु त्यांचे खरे दैनंदिन चरित्र त्यांच्या पेन्सिलीने लिहिले. लग्नघरातील वऱ्हाडी, बाजारातील विक्रेते, रस्त्यावरचे फेरीवाले, पूजेला निघालेल्या स्त्रिया असे मुंबईचे आणि महाराष्ट्राचे माणूस ते सतत टिपीत राहिले. १९१४ मधील 'डेक्कन नर्सरी टेल्स' आणि १९२० मधील 'विमेन ऑफ इंडिया' या इंग्रजी पुस्तकांतील त्यांची चित्रे पाहताना प्रत्येक जातीजमातीची नेसण, दागिने, उभे राहण्याची ढब इतकी अचूक कशी, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर या पेन्सिलीच्या सरावात आहे.

१९४४ साली धुरंधर गेले. त्यांची कन्या अंबिका धुरंधर स्वतः त्याच शाळेत शिकलेल्या चित्रकार. त्यांनी वडिलांच्या कामाचा सांभाळ दीर्घकाळ केला. २००९ साली त्यांचेही निधन झाले. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा रंगचित्रांच्या जोडीने रेखाटनेही नव्या पिढीला पाहता आली. सुवर्णपदक मिळविणारा हात रोज किती कागद झिजवीत होता, हे तेथे ध्यानात येत होते.

सगळ्यांच्याच कागदांना असा वारस लाभत नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे याच शाळेतून गेलेले असामान्य रेखाटनकार. पेन्सिलीच्या सूक्ष्म कामावर त्यांचे विलक्षण प्रभुत्व होते. १९२२ साली राजर्षी शाहू महाराजांचे निधन झाले तेव्हा शोकाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रे तलावात सोडून दिली, अशी कथा कोल्हापुरात आजही सांगतात. कथेतील तपशील काहीही असो, त्यांच्या हयातभराच्या कामाच्या मानाने आज पाहायला मिळते ते फार थोडे आहे, ही रुखरुख मात्र खरी.

वरसईच्या भिक्षुकाचे शब्दरेखाटन

कच्चे आणि पक्के यांतील अंतर झाशीच्याच एका मराठी साक्षीदाराने वेगळ्या रीतीने दाखवून दिले आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ च्या वेढ्यात ते झाशीत होते. राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम, शहरातील वस्ती, पेठा, आणि शहर पडल्यानंतरचा संहार त्यांनी डोळ्यांनी पाहिला. कमावलेले सारे लुटले गेले. घरी परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन.

पुढे सुमारे पाव शतकाने त्यांनी ही हकीकत लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केली. मात्र प्रसिद्ध करताना भाषा सफाईदार केली आणि मजकुरात फेरफार केले. इंग्रजी अमलात अशा विषयावरील पुस्तक छापताना सावधगिरी आवश्यकही होती. वैद्यांनी मूळ हस्तलिखित टाकून दिले नाही, हे त्यांचे थोर उपकार. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सुरक्षित राहिले आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली गोडसे भटजींचा मूळ मजकूर जसाच्या तसा प्रकाशित केला. तेव्हा वाचकांना त्या भिक्षुकाची खरी बोली, त्याचे अडखळणे, त्याची भीती आणि त्याचा भाबडा मोकळेपणा प्रथमच अनुभवता आला. १९०७ चे पुस्तक हे रंगविलेले चित्र. १९६६ चे पुस्तक हे त्यामागचे रेखाटन. पहिल्यामुळे गोडसे महाराष्ट्राला ठाऊक झाले, दुसऱ्यामुळे ते भेटले.

कागद आपल्या घरातही असतात

असे कागद संग्रहालयांतच असतात असे नाही. आजोबांची ड्रॉइंगची वही, शाळेत चित्रकला शिकविणाऱ्या आत्याने काढलेली घरातल्या माणसांची रेखाटने, घर बांधण्यापूर्वी मिस्त्रीने कागदावर काढलेली ओसरी, पैठणीच्या पदरासाठी आखलेला नक्षीचा कागद, अशा कितीतरी गोष्टी माळ्यावरच्या ट्रंकेत पडून असतात. घर बदलताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीच्या गठ्ठ्यात जातात. त्यात रंग नसतो, चौकट नसते, पुष्कळदा सहीसुद्धा नसते. त्यामुळे त्यांना कोणी किंमत देत नाही.

ग्रॅफाइट हा मोठा चिवट पदार्थ आहे. उन्हाने शाई उडते, जलरंग फिके पडतात. पेन्सिलीची रेघ प्रकाशाने उडत नाही. तिला धोका असतो तो घासले जाण्याचा आणि ज्या कागदावर ती आहे तो कागद नष्ट होण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद प्रामुख्याने चिंध्यांपासून होत असे आणि तो दीर्घकाळ टिके. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि घडीवर तुटतो. त्यात कोकणातला किंवा मुंबईतला पावसाळा म्हणजे बुरशी आणि कसर यांना आमंत्रणच. पुढील साध्या गोष्टी पाळल्या तर असे कागद पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पडतील.

१. रेखाटन कधीही लॅमिनेट करू नये. उष्णतेने आणि चिकट थराने झालेले नुकसान भरून येत नाही.

२. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक कागदात उतरून तपकिरी डाग पडतो.

३. मळ दिसला तरी खोडरबर वापरू नये. मळाबरोबर रेघही जाते.

४. कागद घडी न घालता सपाट ठेवावेत. प्रत्येक दोन कागदांमध्ये आम्लरहित पातळ कागद घालावा. वर्तमानपत्राचा कागद मुळीच वापरू नये.

५. चौकट करावयाची असल्यास काच कागदाला टेकणार नाही अशी पुठ्ठ्याची किनार ठेवावी. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर चौकट लावू नये.

६. कोणी काढले, कोणाचे आहे, कोणत्या वर्षाचे, ही माहिती कागदाच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने हलकेच लिहावी. बॉलपेन नको.

७. चांगल्या प्रकाशात छायाचित्र काढून त्याच्या प्रती घरातील दोघातिघांकडे ठेवाव्यात.

८. मौल्यवान वाटणारा कागद लॉकरमध्ये ठेवावयाचा झाल्यास कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवावा आणि पावसाळ्यानंतर एकदा तरी काढून पाहावा. बंद जागेतही दमट हवा असतेच.

कागद फार जीर्ण झाला असेल तर स्वतः प्रयोग न करता जाणकारांकडे जावे. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थांमध्ये कलावस्तूंच्या संवर्धनाचे शास्त्रशुद्ध काम चालते. चित्रकारांच्या मूळ कामांचे दर्शन घ्यावयाचे असेल, तर सातारा जिल्ह्यातील औंध येथील श्रीभवानी वस्तुसंग्रहालयालाही अवश्य भेट द्यावी. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली ते उभारले.

रेघ आणि माणूस

मराठीत 'ठेव' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. बँकेत विश्वासाने ठेवलेली रक्कम ही ठेव आणि वाडवडिलांनी मागे ठेवलेली मोलाची वस्तूही ठेवच. पहिल्या प्रकारच्या ठेवीची पावती मिळते, मुदत असते, नामनिर्देशन असते. दुसऱ्या प्रकारच्या ठेवीला यांतले काहीच नसते. ती सांभाळणाऱ्याच्या जाणिवेवर टिकते. अंबिका धुरंधरांनी वडिलांचे कागद जपले, वैद्यांनी गोडसे भटजींची वही जपली, म्हणून त्यांतील माणसे आज आपल्याला दिसतात.

झाशीच्या दतिया गेटशी आजही सकाळी वर्दळ असते. पाटीच्या जागी पिशवी आली, बैलगाडीच्या जागी रिक्षा आली. पण ओझे उचललेल्या माणसाची मान अजून तशीच ताठ होते आणि दुसरा हात तसाच झुलतो. ते पाहायला अर्धा मिनिट लागतो, कागदावर उतरवायला पाच-सात रेघा. त्या रेघा ज्या कागदावर उमटतात, तो कागद कुणीतरी सांभाळून ठेवावा, एवढीच काय ती अपेक्षा. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उघडाल, तेव्हा रद्दीच्या गठ्ठ्याला सुतळी बांधण्यापूर्वी तिच्यातला एकेक कागद उलटून पाहावा.